खर्च आधी की कमाई?

२१ जूनच्या आसपास भरदुपारी उज्जैनच्या वेधशाळेत जा. शंकूची सावली जवळजवळ नाहीशी झालेली दिसेल! कर्कवृत्त इथून जेमतेम तीस किलोमीटरवर, म्हणून सूर्य थेट डोक्यावर. नेमक्या याच दिवसांत माळव्यातल्या रोपवाटिकांत काळ्या पिशव्यांतली रोपं पावसाची वाट पाहत उभी असतात. ती तग धरतात तरी कशी?

रोपाचा संसार चालतो पाण्याच्या जमाखर्चावर. पानं खर्च करतात, मुळं कमावतात. त्यातही खरी कमाई मूलरोमांची. एकेक मूलरोम म्हणजे एकाच पेशीचं लांबलेलं बोट! १९३७ मध्ये डिटमर नावाच्या शास्त्रज्ञाने राय या धान्याच्या चार महिन्यांच्या एका रोपाचा हिशेब मांडला. मूलरोम निघाले सुमारे १४ अब्ज. एका रोपाचे!

आता रोप खोडाला धरून उचललं तर? मातीचा गोळा लोंबतो, तडकतो आणि असंख्य मूलरोम तुटतात. आवाज येत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. कळतं ते पानांनी माना टाकल्यावर. पिशवी उचलायची ती बुडाखाली तळहात देऊन. उघड्या टेम्पोतला वाराही तितकाच घातक. दोरीवरच्या कपड्यांसारखी पानं वाळवतो.

जाणता माळी आधीच रोपांना काटकसर शिकवतो. पाणी कमी करतो, हिरवी जाळी हळूहळू काढतो. पिशव्या अधूनमधून हलवतो, नाहीतर मुळं बुडातून जमिनीत घुसतात. फार दिवस पडून राहिलेली एक पिशवी मी ब्लेडने चिरली, तर आत मूळ स्प्रिंगसारखं गोल गोल फिरलेलं. हा वेढा तसाच लावला तर पुढे झाडाचाच गळा आवळतो.

आणि साग? वर्षभराचं रोप उपटायचं, सगळी पानं छाटायची आणि बारीक मुळंसुद्धा! उरतो अंगठ्याएवढा जाड, वीतभर खुंट. याला स्टंप म्हणतात. ओल्या गोणपाटात गुंडाळला की तो काही दिवसांचा प्रवासही सोसतो. कमावणारी मुळंच नाहीत, मग जगतो कशावर? अहो, पानंच नाहीत, तर खर्च कुठला! शिवाय सोटमुळात पिष्टाची शिदोरी भरलेली. पहारीने भोक पाडायचं, खुंट सोडायचा, टाचेने माती दाबायची. पाऊस मुरला की त्या काडीला समोरासमोर दोन पानं फुटतात. कोवळं पान चोळून पाहा, बोटं लालभडक होतात.