दाब कोठे हरवतो?

पर्वत पाटियात घर उबवणाऱ्या नलिका कोणासच लागत नाहीत. परंतु शीत देशांत त्यांचा दाब उतरला म्हणजे जी परीक्षा करतात, तीच आपल्या गच्चीवरील टाकीलाही लागू पडते. पाण्याची १० मीटर उंची सुमारे १ बार दाब देते. मी सर्व तोट्या बंद करून टाकीखालचा व्हॉल्व्ह मिटवतो व दाबमापक पाहतो. काटा उतरू लागला, तर गळती. स्थिर राहिला, तर व्हॉल्व्ह उघडून एक तोटी सोडतो. तेव्हा तो कोसळल्यास नलिकेत क्षार वा गंज साचलेला असू शकतो. तेथे मोठा पंप घेणे व्यर्थच! गळतीची हयगय मात्र नको : दाब नाहीसा होताच त्याच छिद्रातून गटाराचे पाणी आत शिरू शकते.