घरचा संगणक मंद कां होतो?

आमच्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं आज एकादा जुना संगणक असतो. कोणी तो कचेरींतून निघालेला म्हणून अल्प किंमतींत घेतलेला असतो, कोणास तो थोरल्या भावाकडून मिळालेला असतो. प्रथम तो बरा चालतो. पुढें त्याची गति मंदावते, कळ दाबिली तरी अक्षर उमटत नाहीं, आणि शेवटीं पडदा जागच्या जागीं गोठून बसतो. मग घरांतील वडील मंडळी म्हणतात, “यास व्हायरस लागला.” दुकानदार म्हणतो, “हा टाका, नवा घ्या.” नव्याची किंमत सर्वांस झेपण्यासारखी नसते, म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वीं हा मंदपणा कशानें येतो तें समजून घेणें इष्ट आहे. पुष्कळ वेळां संगणक रोगीही नसतो व निकामीही नसतो. त्यास केवळ जागा अपुरी पडत असते.

ही जागा कोणती? संगणकांत माहिती ठेवण्याचीं मुख्य स्थानें दोन. एक रॅम, जिला बोलण्यांत नुसतें मेमरी म्हणतात. दुसरें हार्ड डिस्क. वर्गांतील फळा आणि व्हरांड्याच्या टोकास असलेलें कपाट, अशी त्यांची जोडी मानावी. जें काम हातीं घेतलें आहे तें फळ्यावर, बाकीचें सारें कपाटांतील वह्यांत. शाळा सुटली म्हणजे फळा पुसला जातो, तसा वीज जातांच रॅममधील मजकूर नाहींसा होतो. वह्या मात्र राहतात. आतां समजा, फळा भरला आणि शिक्षकांस नवें गणित घालावयाचें आहे. तर जुन्या मजकुराचा कांहीं भाग वहींत उतरून घेऊन ती वही कपाटांत ठेवावी लागेल, तेव्हांच तेवढी जागा पुसतां येईल. पुढच्या क्षणीं जुन्याचें काम पडलें, कीं पुनः व्हरांडा गांठावा लागेल. संगणक अगदीं हेंच करितो. मँचेस्टर येथील ॲटलस नांवाच्या यंत्रांत १९६२ सालीं ही युक्ति योजिली होती, आणि तिच्यामुळेंच थोड्या मेमरीवर मोठीं कामें होऊं शकतात. परंतु फळा फारच लहान असला, तर सर्व तास जाण्यायेण्यांतच सरतो आणि गणित एकही सुटत नाहीं. या अवस्थेस थ्रॅशिंग, म्हणजे तडफड, असें म्हणतात. पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानें तिचीं कारणें १९६८ सालीं उलगडून दाखविलीं.

हें जाणें-येणें किती महाग पडतें पाहा. रॅममधून एक अंक काढावयास सेकंदाचा सुमारें एक कोटीवा भाग लागतो. जुन्या फिरत्या डिस्कवरून काढावयास सुमारें शंभरावा भाग. म्हणजे फरक लाख पटीचा. फळ्यावरचा अंक वाचावयास एक सेकंद लागतो असें धरिलें, तर कपाटापर्यंतच्या फेरीस सत्तावीस तासांहून अधिक लागतील! संगणक गोठलेला दिसतो तेव्हां तो बहुधा अशाच फेरींत अडकलेला असतो.

म्हणून घाई करूं नये. एकदां परीक्षेचे गुण भरीत असतां माझाच संगणक अडला. मीं अधीर होऊन वीज बंद केली. फळा पुसला गेला, आणि सर्व वर्गाचे गुण मला रात्रीं उशीरापर्यंत पुनः चढवावे लागले. डिस्कचा बारीक दिवा लुकलुकत असेल, तर यंत्र काम करीत आहे असें समजून थांबावें.

मग निदान करावें. विंडोजमध्यें कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबिल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. तेथें सीपीयू, मेमरी व डिस्क यांचें शेंकडा प्रमाण दिसतें. मेमरी नव्वदीच्या वर आणि डिस्क शंभराजवळ खिळलेली असली, तर दुखणें वर सांगितलें तेंच. मेमरी मोकळी असून सीपीयू शंभरावर असेल, तर एकादा प्रोग्रॅम भडकला असेल. डिस्क एकटीच दिवसेंदिवस शंभरावर राहत असेल, तर प्रथम महत्त्वाच्या फायलींच्या प्रती दुसरीकडे काढाव्या. म्हातारी डिस्क बंद पडण्यापूर्वीं अशी कण्हत असते.

‘मेमरी’ या मथळ्यावर दाबिलें म्हणजे सर्वांत खादाड प्रोग्रॅम वर येतात. तेथें बहुधा ब्राउझर सांपडतो. त्याचा प्रत्येक उघडा टॅब फळ्याचा एक तुकडा अडवितो, आणि आमच्या विद्यार्थ्यांस वीस-वीस टॅब उघडे ठेवण्याची हौस! ‘स्टार्टअप’ या भागांत संगणकाबरोबर आपोआप जागे होणारे प्रोग्रॅम असतात. त्यांतील नको ते बंद करावे. दोन अँटिव्हायरस कधींही ठेवूं नयेत. नाताळचीं छायाचित्रें पुसून मात्र मेमरी वाढत नाहीं. तीं कपाटांत आहेत, फळ्यावर नाहींत. मेमरी साफ करून देणारे फुकट प्रोग्रॅम तर फळ्यावरचा मजकूर उगाच कपाटांत कोंबतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. विंडोज ८ पासून ‘शट डाऊन’ केल्यानें यंत्रणेचा गाभा बहुधा नवा होत नाहीं, डिस्कवर साठवून तोच परत आणिला जातो. ‘रीस्टार्ट’ केल्यानें होतो.

इतकें करूनही भागलें नाहीं, तर खर्चाचा विचार करावा. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते, पण किमान म्हणजे यंत्र उभें राहण्यापुरती; ८ जीबी असल्यास विद्यार्थ्याचें काम सुखानें चालतें. फिरत्या डिस्कच्या जागीं एसएसडी घातल्यानें फळा मोठा होत नाहीं, परंतु कपाट अगदीं वर्गाच्या दाराशीं येतें. विंडोज १० चें नेहमींचें साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें. ज्यांचें यंत्र नवी आवृत्ति घेऊं शकत नाहीं, त्यांस लिनक्स मिंट २ जीबीवरही बसवितां येतें, मात्र ४ जीबी असलेली बरी.

रॅम घेण्यापूर्वीं विंडोज ३२ बिटांचें आहे कीं काय तें पाहावें, कारण तें ४ जीबीपलीकडे जाऊं शकत नाहीं. कांहीं लॅपटॉपांत रॅम डाग देऊन पक्की बसविलेली असते. तेथें वाढविण्याची सोयच नसते. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ यांच्या खांचा निरनिराळ्या जागीं असतात. म्हणून जुना तुकडा बरोबर घेऊनच दुकानांत जावें, आणि नवा खांचेंत सहज बसत नसेल तर जोर न करितां परत न्यावा.