घर विकण्याआधी वारसनोंद
रांजणगावच्या गावठाणातलं घर विकायचं ठरलं की अनेक जण आधी ग्रामपंचायतीचा नमुना 8 काढतात. तो करआकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव असलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही. मूळ खरेदीखत आणि मिळकत पत्रिका शोधा. गावठाणाबाहेरच्या जागेला सातबारा पाहा. घर अजून वडिलांच्याच नावावर असेल, तर गिऱ्हाईक शोधण्याआधी वारसनोंद करा. त्यात लग्न झालेल्या बहिणींची नावं आलीच पाहिजेत. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि तिला डावलणं हा अन्यायच. कर्ज फिटलं तरी सातबाऱ्यावरचा बोजा बँकेचा दाखला जोडून, तलाठ्याकडे अर्ज करून कमी करून घ्यावा. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदणीसाठी सादर करावं लागतं.