खांचांची धार

पर्वताची थोरवी त्याच्या उंचीवरून मोजावी, असा आपला सामान्य समज आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखांत 'ऊनाख एगाख' नांवाची एक धार आहे; ती हा समज दूर करिते. तिचें सर्वोच्च शिखर अवघें ९६७ मीटर, म्हणजे सुमारें ३१७० फूट उंच आहे. तथापि अनुभवी मनुष्यहि तिच्यावर पाऊल ठेवण्यापूर्वीं विचार करितो. गेलिक भाषेंत या नांवाचा अर्थ 'खांचा पडलेली धार' असा आहे.

ही धार कशी झाली, तें पाहूं. सुमारें ४२ कोटी वर्षांपूर्वीं या प्रदेशांत मोठा ज्वालामुखी होता. भूगर्भांतील तप्त रस बाहेर पडल्यामुळें वरची जमीन निराधार होऊन खालीं खचली. या घडामोडीचा उलगडा भूगर्भशास्त्रज्ञांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केला. पुढें हिमयुगांत बर्फाच्या प्रचंड नद्यांनीं डोंगराच्या दोन्ही बाजू कोरून काढिल्या. दक्षिणेस ग्लेन को हें खोल खोरें झालें. दोन्हींकडून घांसलेल्या सुरीचें पातें जसें पातळ होतें, तसा मधला खडक अरुंद उरला. भेगांत शिरलेलें पाणी गोठून फुगतें व खडक फोडितें. त्यामुळें धारेवर सुळके व खांचा झाल्या.

धारेच्या पूर्वेस आम बोडाख, म्हणजे 'म्हातारा', हें शिखर आहे. तेथून पश्चिमेस गेल्यावर मेल जेरग लागतें. सर ह्यू मन्रो यांनीं १८९१ सालीं स्कॉटलंडमधील तीन हजार फुटांवरील शिखरांची यादी प्रसिद्ध केली. तीं सर्व चढणारे पहिले गृहस्थ म्हणून पाद्री ए. ई. रॉबर्टसन यांची ख्याति आहे. त्यांनीं आपला संकल्प १९०१ सालीं याच मेल जेरगवर पुरा केला.

येथून पुढें खरी कसोटी लागते. हातांचा आधार घेतल्यावांचून पाऊल टाकितां येत नाहीं. दोन्ही बाजूंस तुटलेले कडे असल्यामुळें मध्येंच उतरून जाण्यास सुरक्षित वाट नाहीं. म्हणून वारा, पाऊस आणि दिवसाचा उरलेला प्रकाश यांचा विचार आम बोडाख सोडण्यापूर्वींच करावा लागतो.

नवल असें कीं, अवघड भाग संपला तरी धोका संपत नाहीं. शेवटच्या स्कोर नम फीआनी शिखरावरून क्लॅखेग घळीच्या कडेनें रस्त्याकडे उतरणारी जवळची वाट दिसते. थकलेल्या पायांना ती मोह घालिते. परंतु ती अतिशय उभी व सुट्या दगडांची असून त्या बाजूस अनेकांनीं प्राण गमाविले आहेत. शहाणा मनुष्य पश्चिमेकडील लांबची वाट धरितो.

विद्यार्थिमित्रहो, या धारेवर बळापेक्षां विवेक अधिक उपयोगीं पडतो. ढग पाहून आम बोडाखवरून परत फिरणारा मनुष्य भित्रा नव्हे. धार उद्यांहि तेथेंच असते. आपण मात्र घरीं सुखरूप पोंचलें पाहिजे.