विश्लेषण : वाघ-सिंहांचे मूळ घर आफ्रिका की आशिया? तिबेटमधील कवटीने काय उलगडले?

मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. दोघांचे कूळ एकच, हे विज्ञानालाही मान्य आहे. पण वाघ-सिंहांची शाखा या कुळातून कधी आणि कुठे फुटली, याबाबत जनुकांचे उत्तर एक आणि जीवाश्मांचे दुसरे, अशी स्थिती होती. तिबेटमध्ये सापडलेल्या एका कवटीने ही तफावत बरीच कमी केली.

पहिले मांजर कोणते?

मार्जारकुळातील सर्वांत जुना सदस्य म्हणून साधारणपणे ‘प्रोएल्युरस’चे नाव घेतले जाते. सुमारे ३ ते २.५ कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी फ्रान्समधील जीवाश्मांमुळे कळला. आँरी फिलोल यांनी १८७९ मध्ये त्याचे वर्णन केले. तो घरातल्या मांजरापेक्षा थोडाच मोठा होता आणि त्याच्या तोंडात आजच्या मांजरांपेक्षा अधिक दात होते. आज कुत्र्याला ४२ दात असतात, तर मांजराला ३०. केवळ मांसावर जगणाऱ्या या कुळात चावून बारीक करणाऱ्या दाढा घटत गेल्या आणि मांस कात्रीसारखे कापणाऱ्या दाढा उरल्या. त्यानंतरच्या ‘स्यूडेल्युरस’ गटातून आजची मांजरे आणि लांब सुळ्यांची मांजरे अशा दोन्ही शाखा निघाल्या, असे मानले जाते.

लांब सुळे म्हणजे वाघाचा पूर्वज?

नाही. ‘स्मिलोडॉन’ला ‘सेबर टूथ टायगर’ म्हटले जात असले, तरी तो वाघ नव्हता. तो मार्जारकुळातलाच, पण वेगळ्या शाखेतला होता. त्याच शाखेतील ‘होमोथेरियम’च्या अवशेषांतील डीएनए २०१७ मध्ये अभ्यासला गेला, तेव्हा ही शाखा आजच्या मांजरांच्या पूर्वजांपासून सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाल्याचे दिसले. २०२० मध्ये सायबेरियातील याकुतियात याच ‘होमोथेरियम’चे सुमारे तीन आठवड्यांचे पिल्लू बर्फात केसांसह सापडले. ‘निमरॅव्हिड’ नावाचे प्राणी तर मार्जारकुळातलेही नव्हते, तरी त्यांनाही तसेच सुळे होते. शिकारीची पद्धत सारखी असली की शरीराची ठेवणही सारखी होऊ शकते. त्यामुळे केवळ दात पाहून नाते ठरवता येत नाही.

जनुके आणि जीवाश्मांचे का जुळत नव्हते?

२००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील अभ्यासात आजच्या मांजरांच्या डीएनएची तुलना करण्यात आली. त्यातून आठ शाखा स्पष्ट झाल्या. वाघ, सिंह, बिबट्या यांची शाखा सर्वांत आधी, सुमारे १.०८ कोटी वर्षांपूर्वी आशियात वेगळी झाली असावी, असा त्याचा निष्कर्ष होता. घरातल्या मांजराची शाखा मात्र सुमारे ६२ लाख वर्षांपूर्वीची, म्हणजे ‘मावशी’ची शाखाच धाकटी ठरते! पण मोठ्या मांजरांचे तोवरचे सर्वांत जुने जीवाश्म टांझानियातील लाएतोली येथील, तेही ३५ ते ४० लाख वर्षांपूर्वीचे होते. म्हणजे मधल्या सुमारे ७० लाख वर्षांचा पुरावाच नव्हता आणि जे हाडांचे तुकडे होते ते आफ्रिकेकडे बोट दाखवत होते.

तिबेटमध्ये नेमके काय सापडले?

२०१० मध्ये जॅक त्सेंग आणि सहकाऱ्यांना नैऋत्य तिबेटमधील झांडा खोऱ्यात इतर प्राण्यांच्या हाडांच्या ढिगात ही कवटी मिळाली. खडकांच्या थरांत नोंदल्या गेलेल्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशाबदलांवरून तिचे वय ४१ ते ५९.५ लाख वर्षांच्या दरम्यान ठरले. २०१३ मध्ये या जातीला ‘पँथेरा ब्लायथी’ असे नाव देण्यात आले. हा प्राणी आजच्या हिमबिबट्याचा जवळचा नातलग असून आकाराने त्याच्याहून थोडा लहान होता, असे संशोधकांनी म्हटले. त्यामुळे मोठ्या मांजरांचे मूळ आशियात असण्याच्या शक्यतेला बळ मिळाले. याच खोऱ्यात केसाळ गेंड्याचा जुना नातलगही सापडला आहे. थंडीला सरावलेले काही प्राणी आधी तिबेटच्या पठारावर घडले आणि हिमयुगात इतरत्र पसरले, असा विचार त्यातून पुढे आला.

मग प्रश्न सुटला का?

पूर्णपणे नाही. ‘पँथेरा ब्लायथी’ वाघ-सिंहांचा थेट पूर्वज नाही. ही कवटी आहे हिमबिबट्याच्या फांदीवरची, म्हणजे मूळ खोड त्याहूनही जुने असणार. तिला ‘पँथेरा’ प्रजातीत बसवण्यावरही काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे. शिवाय १.०८ कोटी आणि ६० लाख वर्षांमधली पोकळी अजून उरतेच.

पुरावे इतके कमी का?

शिकारी प्राणी मुळात भक्ष्यापेक्षा संख्येने कमी. त्यातही बहुतेक मांजरे एकटी राहणारी आणि जंगलातली. जंगलाच्या ओलसर, आम्लयुक्त मातीत हाडे लवकर नष्ट होतात. अपवाद लॉस एंजेलिसमधील ला ब्रेआच्या डांबराच्या डबक्यांचा. अडकलेल्या जनावरांवर ताव मारायला आलेले शिकारीही तिथे रुतले आणि दोन हजारांहून अधिक ‘स्मिलोडॉन’ची हाडे जमा झाली. वाघ-सिंहांच्या पूर्वजांसाठी असा साठा अद्याप मिळालेला नाही. त्यामुळे एखादी नवी कवटी आजचे उत्तर पुन्हा बदलू शकते.