करारानंतर हरवलेली वाट

२००१-०२ च्या हिवाळ्यात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात सायबेरियन क्रौंचांची एक जोडी उतरली. त्यानंतर तिथे एकही क्रौंच आलेला नाही. १९६४-६५ मध्ये याच पाणथळीवर सुमारे दोनशे क्रौंच होते. भरतपूर तर राखीव होते. मग हा पक्षी गेला कुठे?

याचे उत्तर भरतपूरच्या कुंपणाबाहेर आहे. हे क्रौंच पश्चिम सायबेरियात, ओब नदीच्या खोऱ्यात वीण करत. तिथून मध्य आशिया, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून पाच हजारांहून अधिक किलोमीटर उडत ते येत. अफगाणिस्तानातील आब-ए-इस्तादा हे सरोवर त्यांचा महत्त्वाचा मुक्काम. १९७९ नंतर त्या देशात युद्ध पेटले. पाकिस्तानच्या वायव्य भागात तर क्रौंच पकडण्याची जुनी परंपरा: दोरीला शिशाचे वजन बांधून ती उडत्या थव्यात भिरकावायची. एका देशाने जपलेला पक्षी दुसऱ्या देशात मरत होता.

शीतयुद्धाच्या काळातही काही माणसांनी हे ओळखले होते. जॉर्ज आर्चिबाल्ड आणि रॉन सॉई यांनी १९७३ मध्ये अमेरिकेत आंतरराष्ट्रीय क्रौंच प्रतिष्ठान स्थापन केले. मादी दोन अंडी घालते, पण बहुधा एकच पिल्लू जगते. म्हणून घरट्यातले एक अंडे उचलले तरी थव्याचे नुकसान होत नाही. या हिशेबाने सोव्हिएत संशोधकांच्या मदतीने सायबेरियातील अंडी विमानाने विस्कॉन्सिनला नेण्यात आली. पुढे रशियातही ओका अभयारण्यात पैदास केंद्र उभे राहिले.

सरकारांचा सामंजस्य करार मात्र १९९३ मध्ये झाला, स्थलांतरित प्रजातींविषयीच्या बॉन कराराच्या छत्राखाली. त्याआधीच्या हिवाळ्यात भरतपुरात उरले होते पाच क्रौंच. बंदिवासात वाढवलेली पिल्ले तिथे सोडून पाहिली. ती उत्तरेकडे गेली नाहीत. क्रौंचाचे पिल्लू पहिल्या हिवाळ्यात आईबापांमागे उडूनच वाट शिकते. अंडी जपता आली, वाट जपता आली नाही.

पूर्वेकडचे चित्र वेगळे आहे. याकुतियात वीण करून चीनच्या पोयांग सरोवरावर हिवाळा काढणारे क्रौंच आज काही हजार आहेत; जगातले जवळजवळ सगळे तेच. थवा मोठा असतानाच त्याच्या मुक्कामांकडे लक्ष गेले, हा फरक. २००३ ते २००९ या काळात रशिया, चीन, कझाकस्तान आणि इराण यांनी मिळून पाणथळी राखण्याचा प्रकल्प राबवला. चीनच्या ईशान्येकडील मोमोगेसारख्या अभयारण्यांत पाण्याचे नियोजन झाले. अर्थात सारी भिस्त एकाच सरोवरावर, ही टांगती तलवार आहेच.

इराणच्या फेरेयदूनकनारला २००७ नंतर बहुतेक हिवाळ्यांत एकटाच नर येई. लोकांनी त्याचे नाव ठेवले ‘ओमिद’, म्हणजे आशा. तो तगला तो तिथल्या बदके पकडणाऱ्यांच्या आसऱ्याने. आवाजाने बदके बिथरू नयेत म्हणून ते आपल्या पाणथळीत बंदूक चालवू देत नाहीत. २०२३ मध्ये बेल्जियमहून आणलेली मादी त्याच्याजवळ सोडली. पण परतीच्या प्रवासात ती त्याच्याबरोबर पुढे जाऊ शकली नाही.

देशांनी सह्या केल्याने पक्षी परत येत नाही. वाट माहीत असलेले थोडे पक्षी शिल्लक असतानाच त्या सह्या व्हाव्या लागतात.