गाडीला चालक नाही, मग भरवसा कुणावर?

चालकाविना धावणारी मोटार रस्त्यावर रुळेल की नाही, हे तिच्या कॅमेऱ्यांपेक्षा कंपनीच्या सचोटीवर जास्त ठरतं, असं मला वाटतं. सॅन फ्रान्सिस्कोत ऑगस्ट २०२३ मध्ये क्रूझ आणि वेमो या कंपन्यांना दिवसरात्र भाडी घेण्याची मुभा मिळाली. २ ऑक्टोबरच्या रात्री माणूस चालवत असलेल्या एका मोटारीने पादचारी महिलेला उडवलं आणि ती क्रूझच्या गाडीपुढे येऊन पडली. गाडीने ब्रेक लावला, तरी धडक बसलीच. मग अपघातानंतर कडेला व्हायचं, या शिकवणीनुसार गाडी पुन्हा हलली. बाई खाली अडकली आहे, हे गाडीला कळलंच नाही. सुमारे २० फूट ती बाई फरफटत गेली. हा तपशील कंपनीने सरकारी यंत्रणांना नीट सांगितला नाही. परवाना गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये क्रूझची मालक असलेल्या जनरल मोटर्सने या टॅक्सीसेवेला पैसा पुरवणंच थांबवलं.

माणसं काय कमी अपघात करतात, असं कुणी म्हणेल. जगात दरवर्षी सुमारे १२ लाख जीव रस्त्यांवर जातात, आणि म्हणूनच हे तंत्रज्ञान मला हवं आहे. पण एका चालकाची चूक त्याच्यापुरती राहते. सॉफ्टवेअरची चूक ताफ्यातल्या प्रत्येक गाडीत बसलेली असते. क्रूझला ९५० गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलावं लागलं. अशा वेळी नुसत्या सरासरीने लोकांचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. त्याच शहराच्या त्याच चढउतारांवर वेमोच्या गाड्या पुढेही प्रवासी नेत राहिल्या. ती कंपनी आपल्या अपघातांची आकडेवारी प्रसिद्ध करते. ती तपासायला मात्र बाहेरची, स्वतंत्र माणसं हवीत.